बारा कॅनबेरा, ६३ हजार पौंड आणि ७०० मीटर

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या १२ कॅनबेरा विमानांनी गोव्यातील दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. मेट्रिक हिशेबात हे सुमारे २८.६ टन होतात. कामाला काही मिनिटे लागली. नंतर दुसऱ्या खेपेत आणखी ८ कॅनबेरा आली. त्याच रात्री त्याच धावपट्टीवरून पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमाने उडाली आणि कराचीला पोहोचली. त्यांतल्या पहिल्या विमानाने धाव घेतली ती ७०० मीटरची.

गोवामुक्तीच्या बहुतेक वर्णनांत पहिला आकडा येतो आणि दुसरा गाळला जातो. दोन्ही शेजारी ठेवले की त्या विमानाबद्दल नेमका प्रश्न विचारता येतो. कॅनबेरा हे मुळात बॉम्बर. भारताने त्याचा जो प्रकार सर्वाधिक संख्येने घेतला, त्यात लढाऊ विमानाच्या तोफा आणि लढाऊ विमानाची बैठक होती. अर्धे बॉम्बर आणि अर्धे लढाऊ असलेल्या या विमानाच्या कुठल्या अर्ध्या भागाने डिसेंबर १९६१ मध्ये किती काम केले, याचा हिशेब मांडता येतो.

आधी अंतरे. कॅनबेरांचा तळ पुण्याला, लोहगावला होता. पुणे ते दाबोळी सरळ रेषेत सुमारे ३५५ किलोमीटर भरते. ताशी ८०० किलोमीटरच्या वेगाने हा २७ मिनिटांचा प्रवास. रत्नागिरी शहर या रेषेच्या पश्चिमेला पडते आणि पुण्यापासून व दाबोळीपासून जवळजवळ सारख्याच, म्हणजे सुमारे १९० किलोमीटर अंतरावर आहे. पण त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा शहरापाशी संपत नव्हता. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याआधी सावंतवाडी आणि वेंगुर्ले हे तालुके रत्नागिरीतच होते. म्हणजे १९६१ साली गोव्याची उत्तर सीमा ही रत्नागिरी जिल्ह्याची दक्षिण सीमा होती. बांदा, सातार्डा, आरोंदा, दोडामार्ग ही गावे तिच्यावर होती. जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १८ लाख, गोव्याची जवळपास ६ लाख.

या सीमेवरच्या माणसांना १९६१ चा डिसेंबर अचानक आलेला वाटला नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी बांद्याला लागून असलेल्या पत्रादेवीसह गोव्याच्या वेगवेगळ्या नाक्यांवर निःशस्त्र सत्याग्रह्यांवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले, आणि त्यानंतर भारताने सीमा बंद केली. सासर गोव्यात आणि माहेर सावंतवाडीत अशा घरांसाठी ही बंदी सहा वर्षे टिकली. १८ डिसेंबरच्या पहाटे ५० वी पॅराशूट ब्रिगेड उत्तरेकडून गोव्यात शिरली. तिच्या तीन तुकड्यांपैकी पूर्वेकडची २ पॅरा (मराठा) ही होती.

आता विमान. जानेवारी १९५७ मध्ये भारताने ब्रिटनकडे ६८ कॅनबेरा मागवली. त्यांत बी(आय)५८ प्रकारची ५४, छायाचित्रे काढणारी पीआर ५७ प्रकारची ८ आणि प्रशिक्षणाची ६ होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी १२ मागवली. पहिल्या मागणीतला ५४ चा वाटा ७९ टक्के. कंसातला ‘आय’ म्हणजे इंटरडिक्टर : शत्रूच्या हद्दीत शिरून रेल्वे, पूल, गाड्यांचे ताफे, उभी विमाने यांना जमिनीलगत उडत मारणारे विमान. जगात सर्व प्रकारची मिळून १,३५२ कॅनबेरा बनली. त्यांतली ९०१ ब्रिटनमध्ये, ४०३ अमेरिकेत आणि ४८ ऑस्ट्रेलियात. भारतात हे विमान १९५७ पासून ११ मे २००७ पर्यंत, म्हणजे ५० वर्षे सेवेत होते.

बॉम्बरचे इंटरडिक्टर करताना तीन गोष्टी बदलल्या. पहिली, माणसे. आधीच्या कॅनबेरात तिघे बसत, यात दोघे. दुसरी, वैमानिकाची जागा. नाकाच्या मध्यावरची रुंद काच जाऊन डाव्या बाजूला लढाऊ विमानासारखी उंच, एकट्यापुरती काचेची टोपी आली. त्यामुळे खाली उडताना त्याला पुढचे आणि बाजूचे दिसू लागले. तिसरी, तोफा. पोटातल्या बॉम्बच्या कप्प्याच्या मागच्या अर्ध्या भागात एक काढता-घालता येणारी पेटी बसवायची. तिच्यात २० मिलिमीटरच्या चार हिस्पानो तोफा आणि प्रत्येक तोफेला ५०० गोळे.

या बदलातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकले जाण्याची, म्हणजे इजेक्शन सीटची सोय होती. नॅव्हिगेटर खाली, विमानाच्या नाकात बसे. बॉम्ब टाकायच्या वेळी काचेशी पालथा पडे. त्याला इजेक्शन सीट नव्हती. पॅराशूट अंगावर चढवायचे आणि बाजूच्या दारातून उडी घ्यायची, एवढाच मार्ग. दीडशे मीटर उंचीवर, ताशी ५०० किलोमीटरच्या पुढे वेग असताना या मार्गाचा उपयोग जवळपास शून्य. दोघांच्या विमानात सुटकेची सोय एकाला, म्हणजे ५० टक्के. खाली उडणे हेच ज्याचे काम, त्या विमानात हा हिशेब आराखड्यातच मान्य केला गेला होता, आणि तो ज्यांनी मान्य केला त्यांच्यापैकी कोणी त्या नाकात बसणार नव्हते.

बॉम्बरला तोफा लावून जड लढाऊ विमान करण्याची कल्पना भारताच्या कॅनबेरापेक्षा १५-२० वर्षे जुनी. १९३८-३९ मध्ये ब्रिटनने सुमारे २०० ब्लेनहाइम बॉम्बर लढाऊ विमानांत बदलले; ती पुढे रात्रीच्या लढाईला वापरली गेली. त्यांच्या पोटाखाली .३०३ च्या चार मशीनगनची पेटी लावली. एका मशीनगनमधून मिनिटाला सुमारे १,१५० गोळ्या, एका गोळीचे वजन ११.३ ग्रॅम. चारही मिळून सेकंदाला जेमतेम पाऊण ते एक किलो शिसे. बॉम्बर पाडायला हे कमी पडे आणि ब्लेनहाइम मुळात संथ, त्यामुळे शत्रू दिसूनही हातातून निसटे.

पुढची पायरी ब्यूफायटर. ब्यूफर्ट या टॉर्पेडो-बॉम्बरचे पंख, शेपूट आणि चाके घेतली, धड नवे बांधले, इंजिने मोठी लावली. १७ जुलै १९३९ रोजी ते पहिल्यांदा उडाले आणि पुढे एकूण ५,९२८ बनले. नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार हिस्पानो तोफा, पंखांत सहा मशीनगन. तोफेतून मिनिटाला ६०० गोळे, गोळ्याचे वजन सुमारे १३० ग्रॅम. चार तोफांचे सेकंदाला ५.२ किलो, मशीनगनचे १.३ किलो, एकूण ६.५ किलो. ब्लेनहाइमच्या सातपटीहून जास्त. सुरुवातीच्या ब्यूफायटरमध्ये तोफेला ६० गोळ्यांचा ड्रम होता. तो ६ सेकंदांत रिकामा व्हायचा आणि मग रडार सांभाळणाऱ्या माणसाने अंधारात, वळणे घेणाऱ्या विमानात, हाताने नवा ड्रम बसवायचा.

भारताच्या आकाशात या विमानाचा हिशेब कलकत्त्याला लागला. जपान्यांनी २० डिसेंबर १९४२ पासून कलकत्त्यावर रात्रीचे हल्ले सुरू केले. शहरातून लाखो माणसे बाहेर पडली. जानेवारीच्या मध्याला रडार असलेली ब्यूफायटर डमडमला आली आणि १७६ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. १५ जानेवारी १९४३ च्या रात्री सार्जंट प्रिंग यांनी ४ मिनिटांत ३ जपानी बॉम्बर पाडले. चार रात्रींनी क्रॉम्बी यांनी, स्वतःच्या विमानाच्या एका इंजिनाला आग लागलेली असताना, आणखी किमान दोन पाडले. पाच रात्रींत पाच विमाने हा महायुद्धाच्या मोजमापात छोटा आकडा. पण हल्लेखोरांची संख्याही छोटीच होती, आणि त्यानंतर ते हल्ले थांबले. इथे एक अट लक्षात ठेवावी लागते. ब्यूफायटरसमोर होते ते सोबतीला लढाऊ विमाने नसलेले, अंधारात एकेकटे येणारे बॉम्बर. दिवसा, चपळ लढाऊ विमानासमोर जड लढाऊ विमानाला असे दिवस क्वचित आले.

तोफेची हीच जात १९५७ मध्ये कॅनबेरासोबत भारतात आली. नव्या आवृत्तीचा वेग मिनिटाला ७५० गोळे. चार तोफांचे सेकंदाला ५० गोळे, ६.५ किलो. म्हणजे दहा तोंडांच्या ब्यूफायटरएवढाच मारा चार तोंडांनी. गोळ्यांचा साठा ४० सेकंदांचा. तो किती पुरतो? ताशी ५४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५० मीटर. लक्ष्यापासून ९०० मीटरवर गोळीबार सुरू केला आणि ३०० मीटरवर थांबवून विमान वर खेचले, तर एका फेरीला ४ सेकंद मिळतात. ४ सेकंदांत २०० गोळे. अशा १० फेऱ्या एका उड्डाणात. उभ्या विमानांच्या रांगेवर १० फेऱ्या म्हणजे एखादा छोटा तळ संपवायला पुरे.

हे प्रत्यक्षात झाले ते काँगोत, आणि गोव्याच्या आधी दोन आठवडेही नाहीत. सप्टेंबर १९६१ मध्ये काँगोतून फुटलेल्या कटांगा प्रांताच्या सरकारकडे चालू स्थितीतले फूगा माजिस्टेर जातीचे एकच जेट होते. ते मूळचे प्रशिक्षण विमान. संयुक्त राष्ट्रांच्या सेनेकडे लढाऊ विमानांची संख्या शून्य होती. शून्यासमोर एक हा फरक इतका मोठा ठरला की जाडोव्हिल इथे वेढ्यात सापडलेल्या सुमारे १५५ आयरिश सैनिकांना त्या एका विमानाचे हल्ले सोसावे लागले, आणि दारूगोळा व पाणी संपल्यावर शरण जावे लागले. त्यानंतर सदस्य राष्ट्रांकडे विमाने मागितली गेली. स्वीडनने ५ टुनान आणि इथिओपियाने ४ सेबर ही लढाऊ जेट दिली, भारताने ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची ६ कॅनबेरा. एकूण १५, त्यांत भारताचा वाटा ४० टक्के. लांबचा पल्ला मात्र फक्त या सहांना होता. राजधानी लिओपोल्डव्हिलपासून कटांगातले कोलवेझी सरळ रेषेत सुमारे १,३०० किलोमीटर आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅनबेरांनी कोलवेझीच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या कटांगी विमानांवर तोफा चालवल्या. लढाऊ विमानाचे काम, म्हणजे समोरच्याचे हवाई दल संपवणे, बॉम्बरने २० मिलिमीटरच्या गोळ्यांनी जमिनीवरच उरकले. कटांगाच्या हवाई दलाचा उपद्रव त्यानंतर आटला. आकाशात एकही झुंज न होता हवाई वर्चस्व मिळाले. बी(आय)५८ वर ज्यांनी पैसे खर्च केले, त्यांच्या अपेक्षेत नेमके हेच बसत होते.

गोव्यात हिशेब उलटा पडला. इथे काम बॉम्बचे होते, तोफांचे नव्हते. एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांना मिळालेला आदेश चार कलमांचा होता : दाबोळीची धावपट्टी नष्ट करणे, पण टर्मिनल आणि इतर सोयींना धक्का न लावता, बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त करणे, दमण आणि दीवची विमानतळे शत्रूला वापरू न देणे, पण परवानगीशिवाय त्यांच्यावर हल्ला न करणे, आणि पुढे सरकणाऱ्या पायदळाला मदत करणे. त्यासाठी ४२ विमाने नेमली गेली. कॅनबेरा २०, व्हॅम्पायर ६, तुफानी ६, हंटर ६, मिस्टेअर ४. कॅनबेरांचा वाटा ४८ टक्के.

समोर काय होते? लढाऊ विमाने शून्य. बॉम्बर शून्य. दोन प्रवासी विमाने, एक पोर्तुगालच्या टाप कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक गोव्यातल्या टाइप कंपनीचे डीसी-४. थोड्या जुनाट विमानविरोधी तोफा; त्या चालवणारे गोलंदाज फुटबॉलचे संघ म्हणून गोव्यात गुपचूप आणलेले. या साधनांसमोर ४२ ही संख्या विचित्र वाटते. कारण गुप्तवार्तेत होते. दाबोळीवर एफ-८६ सेबर विमानांची अख्खी स्क्वाड्रन आहे, अशी माहिती भारताकडे होती. ती खोटी निघाली.

सेबर या नावाचा कॅनबेराच्या वैमानिकांशी जुना हिशेब होता. १० एप्रिल १९५९ रोजी, ईदच्या दिवशी, रावळपिंडीजवळ पाकिस्तानच्या सेबरने भारताचे छायाचित्रे काढणारे एक कॅनबेरा पाडले. दोघे अधिकारी पॅराशूटने उतरले आणि पुढे परत आले. पाकिस्तानी हवाई दलाने पाडलेले ते पहिले विमान. उंची हीच ज्याची ढाल, त्या कॅनबेराला सेबर गाठू शकते, हे ३२ महिन्यांपूर्वी सिद्ध झाले होते. त्यामुळे दाबोळीवर सेबर असतील तर त्यांना हवेत येऊच द्यायचे नाही, धावपट्टीच तोडायची, हा निर्णय उपलब्ध माहितीवर बरोबर होता. चार तोफा असल्या तरी कॅनबेरा सेबरशी झुंज घेऊ शकत नाही. जड लढाऊ विमानाची ही मर्यादा १९४३ मध्ये होती तशीच १९६१ मध्ये होती, आणि पिंटो यांच्या आराखड्यात ती गृहीत धरलेली दिसते. जमिनीवरच सापडली तर सेबर कॅनबेराचे भक्ष्य, हवेत आली तर कॅनबेरा सेबरचे.

पहिल्या खेपेचे नेतृत्व विंग कमांडर एन. बी. मेनन यांनी केले, दुसऱ्या खेपेचे विंग कमांडर सुरिंदर सिंग यांनी. पहिल्या खेपेच्या ६३,००० पौंडांना १२ ने भागले की दर विमानामागे ५,२५० पौंड येतात. हा आकडा थोडा थांबवून पाहावा असा आहे. बी(आय)५८ ची पूर्ण क्षमता ८,००० पौंड : पोटात १,००० पौंडांचे ६ बॉम्ब आणि पंखांखाली २. तोफांची पेटी बसवली की पोटातले ६ चे ३ होतात आणि एकूण क्षमता ५,००० पौंडांवर येते. म्हणजे चार तोफांची किंमत ३,००० पौंड बॉम्ब, क्षमतेच्या ३७.५ टक्के. सर्व १२ विमानांवर पेट्या असत्या तर कमाल ६०,००० पौंड टाकता आले असते. टाकले ६३,०००. तेव्हा किमान एका विमानावर तोफा नव्हत्या, हे भागाकारच सांगतो. ११ विमाने पेटीसह आणि १ पेटीशिवाय पूर्ण भारून गेले असे धरले, तर बेरीज बरोबर ६३,००० भरते. हे गणित झाले, दलाची नोंद नव्हे. पेट्या काढून प्रत्येकावर कमी बॉम्ब लादले असतील तरी तोच आकडा जुळवता येतो. निश्चित इतकेच की ८,००० पौंड वाहू शकणारे विमान सरासरी ६६ टक्के भरून गेले. अंतर हे कारण नव्हते. पुणे-दाबोळी जाऊन-येऊन ७१० किलोमीटर, आणि विमानाचा लढाईतला पल्ला सुमारे १,३००.

धावपट्टी तोडण्याच्या कामात टनांचा आकडा पुरेसे सांगत नाही. मोजायचे असते ते बॉम्बच्या खड्ड्यांमध्ये सलग उरलेले अंतर. समजा धावपट्टी २,००० मीटरची आहे. बरोबर मध्यावर एक पूर्ण छेद गेला तर दोन्हीकडे सुमारे १,००० मीटर उरतात. एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश अंतरावर दोन छेद गेले तर तीन तुकडे, प्रत्येकी सुमारे ६६० मीटर. सेबरसारख्या जेटला या दोन्ही हिशेबांत अडकवता येते. पण छेद आरपार हवा. पट्टीच्या एका कडेला पडलेला बॉम्ब दुसरी कड मोकळी ठेवतो, आणि मातीत पडलेला बॉम्ब टनांच्या बेरजेत येतो पण छेदांच्या बेरजेत येत नाही. शिवाय खड्डा भरता येतो. खडी, माती, माणसे आणि काही तास एवढे त्याला लागते.

दाबोळीवर ते सगळे होते. विमानतळावरच्या कामगारांनी संध्याकाळी घाईने धावपट्टीचा काही भाग वापरण्याजोगा केला. कॉन्स्टेलेशनच्या वैमानिकांनी जास्तीच्या खुर्च्या आणि सामान बाहेर काढून टाकले. चार इंजिनांचे ते विमान, नेहमीच्या भाराने याहून कितीतरी लांब धाव घेणारे, ७०० मीटरांत उचलले गेले. वाटेत धावपट्टीवरचे दगड उडून त्याच्या अंगाला २५ भोके पडली आणि एक टायर बसला. मागून डीसी-४ गेले. दोघे रात्रीच्या अंधारात, समुद्रालगत अगदी खालून, भारतीय विमानांच्या गस्तीतून निसटले. दाबोळीवर उभ्या असलेल्या विमानांपैकी निसटलेली विमाने १०० टक्के.

यावरून बॉम्बफेक वाया गेली, असा निष्कर्ष काढला तर तो घाईचा ठरेल. ज्यासाठी धावपट्टी तोडायची होती, ते सेबर तिथे नव्हतेच. असते तर खड्डे आणि दगडांनी भरलेल्या ७०० मीटरवरून भरलेले सेबर उडाले नसते. कॉन्स्टेलेशन उडाले कारण त्याने भार टाकला, अंगाला भोके पडू दिली आणि त्याला परत यायचे नव्हते. धावपट्टी एका प्रकारच्या विमानासाठी बंद होती आणि दुसऱ्या प्रकारासाठी एकेका उड्डाणापुरती उघडी. अधिकृत वर्णनातला ‘पूर्ण उद्ध्वस्त’ हा शब्द मात्र २५ भोकांपुढे टिकत नाही.

दुसरा प्रश्न असा की ती दोन विमाने दिवसभर उघड्यावर उभी असताना तोफांनी का मारली नाहीत. कोलवेझीत हेच विमान हेच काम करून गेले होते. मघाच्या हिशेबाने एका फेरीत २०० गोळे, दोन विमानांना दोन-तीन फेऱ्या पुरल्या असत्या. उत्तर आदेशाच्या पहिल्या कलमात आहे : विमानतळाच्या सोयींना धक्का नको. टर्मिनलसमोर उभ्या प्रवासी विमानांवर गोळीबार केला तर टर्मिनल सुटत नाही. रात्री त्या विमानांतून जी माणसे गेली ती काही सरकारी आणि लष्करी अधिकाऱ्यांची कुटुंबे होती. त्यांना जाऊ दिले म्हणून भारताचे लष्करी नुकसान शून्य झाले. त्यांच्यावर तोफा चालल्या असत्या, तर ३६ तासांच्या त्या मोहिमेचा हिशेब आज वेगळ्या आकड्याने सुरू झाला असता. माझ्या मते दाबोळीवर हवाई दलाने केलेली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे न झाडलेल्या या फैरी.

बाकी कलमांचा निकाल थोडक्यात. बेळगावच्या सांबरा तळावरून, सुमारे ९० किलोमीटर अंतर कापून, ६ हंटर बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर आली आणि रॉकेट व तोफांनी ते बंद पाडले. ४२ पैकी ६ विमानांनी, म्हणजे १४ टक्क्यांनी, गोव्याचा जमिनीवरून बाहेरच्या जगाशी होणारा बिनतारी संपर्क तोडला. परिणाम आणि साधन यांचे प्रमाण पाहिले तर ही त्या दिवशीची सर्वांत काटकसरीची कामगिरी. पायदळाच्या मदतीत चुका झाल्या. व्हॅम्पायरची रॉकेटे आपल्याच २ शीख लाइट इन्फन्ट्रीवर पडली आणि दोन जवान जखमी झाले. आपल्याच पायदळाने हवाई दलाच्या एका टेक्सन विमानावर गोळीबार केला. त्याचे नुकसान किरकोळ. पोर्तुगीज गोळीबाराने पाडलेली भारतीय विमाने शून्य.

संपूर्ण मोहिमेत, जमीन, समुद्र आणि हवा मिळून, भारताचे २२ मृत्यू आणि ५४ जखमी. पोर्तुगालचे ३० मृत्यू, ५७ जखमी आणि ४,६६८ युद्धकैदी. भारताने उतरवलेल्या ४५,००० सैनिकांसमोर पोर्तुगीज सैनिक सुमारे साडेतीन हजार होते, म्हणजे प्रमाण जवळपास १३ ला १. या प्रमाणात हवाई दलाशिवायही निकाल तोच लागला असता. हवाई दलाने बदलला तो निकालाला लागलेला वेळ आणि, माहिती खरी असती तर, पायदळावर होऊ शकणाऱ्या सेबरच्या हल्ल्यांचा धोका. तो धोका शून्य होता हे १९ तारखेला कळले.

दोन आठवड्यांत एकाच जातीच्या विमानाने दोन खंडांत दोन कामे केली. काँगोत ६ विमानांनी तोफांनी एक छोटे हवाई दल निकामी केले, कारण ते कुठे उभे आहे हे ठाऊक होते. गोव्यात २० विमानांनी धावपट्टी फोडली, कारण तिथे काय उभे आहे याची माहिती चुकीची होती. साधन तेच, काँगोतली संख्या गोव्याच्या ३० टक्के. बॉम्बरमध्ये लढाऊ विमान बसवण्याचा फायदा हा की निवड उड्डाणाच्या आदल्या रात्रीपर्यंत राखून ठेवता येते, पेटी घालायची की बॉम्ब. तोटा असा की निवड चुकीच्या माहितीवर झाली तर जास्त विमाने, जास्त टन आणि नाकात बसलेली जास्त माणसे कामाला लागतात.

पिंटो यांच्या आदेशातल्या पहिल्या कलमाचे दोन भाग होते. धावपट्टी नष्ट करण्याचा भाग एका दिवसापुरता आणि तोही अंशतः पुरा झाला. टर्मिनल आणि सोयी वाचवण्याचा भाग दोन्ही खेपांत, २० पैकी २० विमानांनी पाळला. त्यामुळे विमानतळ नव्याने बांधावा लागला नाही, धावपट्टी दुरुस्त करणे पुरले. १९६२ मध्ये तो नौदलाकडे आला आणि जून १९६४ मध्ये, हल्ल्यानंतर ३० महिन्यांनी, आयएनएस हंसा हा नौदलाचा हवाई तळ कोइंबतूरहून दाबोळीला हलला. बांद्याच्या नाक्यावरून गोव्यात जाण्या-येण्यावरची बंदी त्याच्या कितीतरी आधी उठली होती.